मोठी फाइल अपलोड होत नसेल तर अडथळा कसा शोधावा

होळकरकालीन मोडी कागदांचे स्कॅन साठवणारी वेबसाइट आपण इंदूरमध्ये तयार करत आहात, असे समजा. ए-फोर आकाराचे एक पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन करून कॉम्प्रेशनशिवाय टिफ स्वरूपात ठेवले, तर एकच फाइल सुमारे १०० एमबीची होते. चाचणीतल्या लहान फाइली सुरळीत गेल्या आणि ही मात्र अडली, की दिसेल ती मर्यादा वाढवून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. ब्राउझर, प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे पाठवणारा मधला सर्व्हर), वेब सर्व्हर आणि आपला प्रोग्रॅम यांपैकी रिक्वेस्ट नेमकी कोणी नाकारली, हे आधी ठरवले पाहिजे.

कर्ल हे रिक्वेस्ट पाठवण्याचे कमांड-लाइन साधन व्हर्बोज (सविस्तर माहिती दाखवणाऱ्या) पर्यायासह चालवून सर्व्हरच्या उत्तरातला स्टेटस कोड पाहावा. ४१३ म्हणजे आकाराची मर्यादा ओलांडली. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ही मर्यादा मुळात अवघी १ एमबी असते, आणि रिक्वेस्ट तेथेच अडल्याने आपल्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये तिची नोंदही सापडत नाही. म्हणून एन्जिनएक्सचाच एरर लॉग उघडावा. प्रोग्रॅम पीएचपी या भाषेत असेल, तर ती सर्वाधिक फसवते. तिच्यात एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण पोस्टची ८ एमबी आहे. दुसरी ओलांडली गेली, तर कोड चालूच राहतो, पण फॉर्म आणि फाइल यांचे दोन्ही ॲरे रिकामे येतात आणि वापरकर्त्याला ‘फाइल निवडा’ असा दिशाभूल करणारा संदेश दिसतो. रिक्वेस्टचा आकार सांगणारे कंटेंट-लेंग्थ हेडर तपासले की हा प्रकार लगेच उघड होतो.

आकार ठीक असेल तर वेळ तपासावी. २ एमबीपीएस अपलोड वेग असलेल्या जोडणीवरून १०० एमबी पाठवायला किमान ४०० सेकंद लागतात, तर नोड या जावास्क्रिप्ट सर्व्हर प्रणालीत आवृत्ती १८ पासून संपूर्ण रिक्वेस्ट येण्यासाठी मूळ मुदत ३०० सेकंदांचीच आहे. एन्जिनएक्सचे ६० सेकंद मात्र दोन वाचनांमधील खंडाला लागू होतात, त्यामुळे संथ जोडणी चालते, थबकलेली चालत नाही. ५०४ (मागच्या सर्व्हरचे उत्तर वेळेत न आल्याचा कोड) आल्यास फाइल बहुधा पोहोचलेली असते आणि तिच्यावर प्रक्रिया करणारा आपला कोडच रेंगाळत असतो. ते काम पार्श्वभूमीवरील क्यूकडे (कामांच्या रांगेकडे) सोपवावे.

संपूर्ण फाइल मेमरीत वाचून घेऊ नये, ती स्ट्रीम करावी, म्हणजे थोडी थोडी वाचत पुढे पाठवावी. एन्जिनएक्स मूळ सेटिंगप्रमाणे मोठी बॉडी आधी स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठवतो, त्यामुळे तेथील डिस्कची जागाही पाहावी.

जोडणी वारंवार तुटत असेल, तर मर्यादा कितीही वाढवून उपयोग नाही. फाइल तुकड्यांनी पाठवावी. तुटलेले अपलोड पुढे चालू ठेवण्यासाठीच्या टस प्रोटोकॉलमध्ये क्लायंट हेड रिक्वेस्टने किती बाइट पोहोचले ते विचारतो आणि पॅचने तेथून पुढे पाठवतो. एस-थ्री या ॲमेझॉनच्या क्लाउड साठवण सेवेच्या मल्टिपार्ट (तुकड्यांच्या) अपलोडमध्ये शेवटचा वगळता प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो. तुकडे जोडल्यावर दोन्ही टोकांचे एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या) जुळले, तरच स्कॅनरजवळची मूळ प्रत हटवावी.