पावसाळ्यात विहीर भरताना पिण्याचं पाणी सांभाळा

मृगाचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी विहिरीत वळवायची घाई सुरू होते. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला पुनर्भरण हवंच, केळीला बारा महिने पाणी उपसायचं तर ते जमिनीला परतही द्यायला हवं. पण ज्या विहिरीचं पाणी घरात प्यायला जातं, तिच्यात शेतातलं पाणी सोडू नका. त्यासोबत फवारणीचं औषध, युरिया आणि उकिरड्याचा निचरा येतो.

पुनर्भरण शेतीच्या विहिरीतच करा. आधी गाळ बसायला एक खड्डा, मग गाळणीचा: तळाला मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर वाळू, आणि तळातून विहिरीत पाइप. पहिले एक-दोन पाऊस बाहेर जाऊ द्या. तापीकाठच्या चिकण काळ्या मातीत गाळ फार येतो, तिथे वरची वाळू अधूनमधून काढून धुवावी लागते.

ठिबकवाल्यांनी एक गोष्ट आजच पाहावी. व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून मिसळणाऱ्या नळीतून, खत सुटत असताना लाइट गेली, तर खताचं पाणी उलटं विहिरीत उतरू शकतं. मोटर आणि व्हेंचुरी यांच्यामध्ये पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का, चालतो का, तपासा. खर्च किरकोळ आहे.

पिण्याच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर मुठीच्या अंदाजाने टाकतात, ते चुकीचं. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, सगळं मीटरमध्ये, म्हणजे लिटर निघतात. व्यास 4 आणि पाणी 5 मीटर असेल तर 62,800 लिटर. 33 टक्के क्लोरीनची ताजी पावडर 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे इथे सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना तळाशी बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खालीवर हलवा. तासभर उपसा बंद. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन नीट काम करत नाही. घरी आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग पाणी खळखळून उकळा.

युरिया आणि उकिरड्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट मात्र उकळून जात नाही, पाणी आटेल तसं ते उलट दाट होतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. घरात बाटलीने दूध पिणारं तान्हं बाळ असेल, तर नमुना तपासून घेण्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आताच सांगा. तोवर बाळाच्या दुधाला त्या विहिरीचं पाणी वापरू नका.