हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमची गोळी? आधी या चुका टाळा

पर्वतीच्या पायऱ्या उतरताना एक मावशी दुसरीला सांगतात, "मला या गोळीनं गुण आला," आणि दुसरी घरी जाता जाता केमिस्टकडून तीच गोळी घेते. पुण्यात हे सर्रास चालतं. माझं कळकळीचं सांगणं आहे: गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.

गळ्यात थायरॉईडच्या मागे बहुतेकांना तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात आणि त्यामुळे हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं. कधीकधी यातल्या एखाद्या ग्रंथीवर साधी, कर्करोगाची नसलेली गाठ येते आणि ती गरज नसताना पीटीएच सोडत राहते. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, हाडं मात्र विरळ होत जातात. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये हे जास्त दिसतं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी, नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, त्या तपासणीचा या ग्रंथींशी संबंध नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रिपोर्ट वाचताना. समजा कॅल्शियम ११, म्हणजे वाढलेलं आलं आणि पीटीएच ५५. पीटीएचसाठी लॅबची मर्यादा १५ ते ६५, म्हणून पीटीएचपुढे कुठलीच खूण नसते आणि "नॉर्मल आहे" म्हणून कागद फाईलमध्ये जातो. पण कॅल्शियम वाढलेलं असताना निरोगी ग्रंथी जवळपास गप्प बसायला हवी. अशा वेळी ५५ हा आकडा नॉर्मल नाहीच! म्हणून दोन्ही तपासण्या एकाच वेळी दिलेल्या रक्तावर करा आणि आकडे शेजारी ठेवून वाचा. सोबत अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची तपासणीही हवी, कारण ते कमी असेल तर कॅल्शियम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधी सांगा, त्यानं पीटीएचचा आकडा चुकू शकतो. लिथियम आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कॅल्शियम वाढतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारं स्कॅन, करताना फक्त मणका आणि खुबा बघून थांबू नका. या आजारात हाडाचं कठीण बाहेरचं कवच आधी झिजतं, आणि ते मनगटाच्या वर, हाताच्या हाडात सर्वांत नीट कळतं. अपॉइंटमेंट घेतानाच "हाताचंही स्कॅन हवं" असं सांगा.

ड जीवनसत्त्व कमी असेल तरी पीटीएच वाढतं, पण तेव्हा कॅल्शियम सहसा नॉर्मल किंवा कमी असतं. आधी ती कमतरता भरून काढून मग पुन्हा तपासायचं. कॅल्शियम वाढलेलं असेल तर ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी स्वतःच्या मनानं घेऊ नका. दूध-दही मात्र तोडू नका, आहारात कॅल्शियम फार कमी झालं की पीटीएच आणखी वाढू शकतं.

सेस्टामिबी स्कॅन शस्त्रक्रियेआधी गाठ शोधण्यासाठी असतो. त्यात काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही, असं नसतं.

"थोडंच वाढलंय, बघू पुढे" म्हणून वर्षं घालवू नका. डेक्साच्या रिपोर्टमधला टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली, मणक्याचं फ्रॅक्चर, मूतखडा किंवा पन्नाशीच्या आतलं वय, यातलं काहीही असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टशी, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांशी, शस्त्रक्रियेबद्दल बोला. गाठ काढल्यावर हाडांची घनता बहुधा पुन्हा वाढते. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर त्याच दिवशी सर्जनना कळवा. हाडं कॅल्शियम भराभर ओढून घेतात, आणि तेव्हा ते गोळीतून द्यावं लागतं.