फळबागेत फवारणी करताना: आधी कीड, मग बाटली

कोल्हापूरकडील उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या शेतकऱ्याने आंबा, काजू किंवा पेरूची बाग लावली की त्याला सर्वांत नवे वाटते ते फवारणीचे काम. उसाला फवारणी तुलनेने कमी लागते. फळझाडाला मात्र पालवी, मोहोर, फळधारणा अशा प्रत्येक टप्प्यावर वेगळी कीड गाठते. अशा वेळी कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘आंब्यावर मारायचे औषध द्या’ असे सांगून मोकळे होण्याची सवय लागते. वास्तविक औषध आंब्यावर मारायचे नसते, तुडतुड्यावर मारायचे असते. आणि तुडतुडा, पिठ्या ढेकूण व फळमाशी या तिघांच्या राहण्याच्या जागा एकाच झाडावर असूनही निरनिराळ्या असतात. जागा चुकली की फवारणी वाया जाते, वाया गेली की पुढच्या खेपेस मात्रा दुप्पट होते, आणि दुप्पट मात्रेचे ते विष किडीच्या आधी फवारणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून परिणामकारक फवारणी आणि सुरक्षित फवारणी असे दोन वेगळे विषय मानण्याचे कारण नाही.

मोहोर फुटण्याच्या काळात सकाळी बागेत जाऊन चार-पाच झाडांचे मोहोर पांढऱ्या कापडावर अलगद झटकावेत. पाचरीच्या आकाराचे, तिरपे उड्या मारणारे तुडतुडे कापडावर दिसतात. त्यांच्या गोड, चिकट विष्ठेवर काळी बुरशी वाढली की पाने काजळी धरतात. परंतु काजळी दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर झालाच. मोहोर नसतो त्या काळात तुडतुडे खोडाच्या सालीच्या फटींत दडून राहतात, त्यामुळे मोहोराआधीच्या पहिल्या फवारणीत शेंड्याइतकेच खोड आणि मोठ्या फांद्याही भिजवाव्या लागतात. अनेक जण नेमके हेच टाळतात, कारण फवारणीच्या बंदुकीचा झोत वर धरला की काम झाल्यासारखे वाटते.

पिठ्या ढेकणाचे तसे नाही. त्याच्या अंगावर मेणचट पांढरे आवरण असते व द्रावण त्यावरून ओघळून जाते. त्याची पिले लहान व उघडी असतानाच फवारणी लागू पडते. पिले खोडावरून वर सरकतात, म्हणून खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावल्यास पुष्कळसे काम बाटली न उघडताच होते. खोडावर मुंग्यांची रांग दिसत असेल तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा. गोड स्रावासाठी त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात.

फळमाशीवर तर फळावरची फवारणी जवळजवळ निरुपयोगी आहे. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते व नंतर जमिनीत जाऊन कोष करते. गरातल्या अळीपर्यंत द्रावण पोहोचवायचे म्हटले तर ते खाणाऱ्याच्या पोटातही पोहोचवावे लागेल. येथे नरमाश्यांना ओढून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे सापळे, खाली पडलेली फळे दररोज वेचून खोल पुरणे आणि पेरूच्या फळांना पिशव्या घालणे हेच खरे उपाय आहेत. पावसाळ्यात तयार होणाऱ्या पेरूवर हिचा उपद्रव सर्वाधिक असतो, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांनी बहार (फळ धरण्याचा हंगाम) बदलण्याचा विचार करावा. सापळ्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे एकट्याच्या बागेत दोन सापळे टांगून फारसे साधत नाही. शिवारातील सर्वांनी मिळून लावले तर फरक दिसतो.

आजरा-चंदगडकडील काजूत ढेकण्या हा कीटक कोवळी पालवी, मोहोर व कोवळी फळे यांतील रस शोषतो आणि शेंडे करपल्यासारखे वाळतात. म्हणून पालवी, मोहोर व फळधारणा या तीन अवस्थांत बागेवर लक्ष ठेवावे. खोड पोखरणाऱ्या भिरुडाच्या अळीसाठी मात्र फवारणी करूच नये. भुसा बाहेर पडत असलेले छिद्र शोधून तारेच्या आकड्याने अळी ओढून काढावी. पूर्वी त्या छिद्रात डायक्लोरव्हॉसचा बोळा घालून वर चिखल लिंपत असत. या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तेव्हा कोणाच्या कपाटात जुनी बाटली उरली असेल तर ती वापरू नये.

खरेदी करताना बाटलीवरील चौकटीतला त्रिकोण प्रथम पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. हिरव्यालाही विषच समजावे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार प्रत्येक उत्पादनाची नोंदणी ठरावीक पीक व ठरावीक कीड यांसाठी होते, म्हणून लेबलवर आपल्या फळाचे नाव आहे का हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॅच क्रमांक व मुदतीची तारीख लिहिलेली पक्की पावती घ्यावी. दुकानदाराने तीन बाटल्यांचा संच पुढे केला तर घटकांची नावे वाचावीत. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही नावे वेगळी असली तरी गट एकच, आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन व डेल्टामेथ्रिन हीसुद्धा एकाच, पायरेथ्रॉइड गटातली भावंडे आहेत. नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे नव्हे. गट बदलला नाही तर किडीत प्रतिकारशक्ती वाढत राहते. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके वारंवार मारल्यास ढालकिडे व इतर मित्रकीटक मरतात आणि पिठ्या ढेकूण व पानांतला रस शोषणारे सूक्ष्म कोळी उलट बळावतात.

मोजमाप हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आंबा मोहोर संरक्षण वेळापत्रकात इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे लिटरला ०.३ मिलिलिटर या प्रमाणात येते. म्हणजे २०० लिटरच्या बॅरलला ६० मिलिलिटर आणि १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला जेमतेम ४.८ मिलिलिटर. हे माप बुचाने घेता येत नाही; बूच बाटलीगणिक वेगळे असते. सुई काढलेली सिरिंज किंवा मोजपात्र या कामासाठीच वेगळे ठेवावे व घरात आणू नये. बॅरल अर्धे भरून घ्यावे, बादलीत थोड्या पाण्यात औषध नीट कालवून ते बॅरलमध्ये ओतावे, मग उरलेले पाणी भरून काठीने ढवळावे. हाताने ढवळणे आजही दिसते व ते पाहून अंगावर काटा येतो. शिरोळकडील काही क्षारपड भागांत विहीर-बोअरचे पाणी विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचे) असते, आणि अशा पाण्यात अनेक सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके लवकर निकामी होतात. तेथे पाण्याचा सामू (पीएच) तपासून घेणे आणि द्रावण करताच फवारणे श्रेयस्कर. बोर्डो मिश्रण हे मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशकही विम्लधर्मी असल्याने त्यात कीटकनाशक मिसळू नये. कीटकनाशकाला पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल लावावे, आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा.

आता अंगाविषयी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या पिकात द्रावण चेहऱ्यावर व श्वासात जात होते. फळबागेत झोत वरच मारायचा असतो, त्यामुळे थेंब परत तोंडावर येण्याचा धोका येथे कायमचाच आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, गमबूट, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी आणि लेबलवर सांगितलेला मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की विष नाकाशी धरून ठेवतो. हात वर करून काम करताना हातमोज्याचा काठ बाहीच्या वर ओढून थोडा दुमडावा, म्हणजे ओघळ बाहीच्या आत न शिरता दुमडीत अडतो. वारा पाठीशी घ्यावा. पाने जोराने हलत असतील तर काम थांबवावे. मळलेली तंबाखू खिशात ठेवून बागेत उतरू नये, आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, जुन्या दातब्रशने साफ करावे. गरोदर स्त्रिया व मुले यांना या कामापासून दूर ठेवावे. पाण्याच्या घागरी आणून देण्यासाठीसुद्धा नको.

सकाळी दव उतरल्यावर ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी फवारावे. मोहोर पूर्ण फुललेला असताना शक्यतो फवारू नये. टाळता येत नसेल तर मधमाश्या पोळ्याकडे परतल्यानंतर सायंकाळीच फवारावे. शेजारी मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी कळवणे हा शेजारधर्म आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत अवकाळी सर येण्याचा संभव असेल तर त्या दिवशी बाटली उघडूच नये, कारण धुऊन गेलेले विष ओढ्यातून अखेर नदीला मिळते. पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी धुणे याच कारणासाठी वर्ज्य आहे.

फवारताना खूप घाम सुटणे, तोंडाला पाणी सुटणे, डोळ्यांपुढे धूसर होणे, छाती आवळणे किंवा हात थरथरणे यांपैकी काहीही जाणवले तर उन्हाने झाले असे म्हणू नये. माणसाला बागेबाहेर मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, मनाने उलटी करायला लावू नये, आणि १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात किंवा कोल्हापुरात सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) न्यावे. जाताना बाटली अथवा तिचे लेबल बरोबर घ्यावे. डॉक्टरांचा निम्मा वेळ त्याने वाचतो.

रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी बॅरलमध्येच ओतावे व बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे तिच्यात कोणी तेल किंवा पाणी भरणार नाही. शेवटी वहीत तारीख, घटकाचे नाव, गट, मात्रा आणि लेबलवरील प्रतीक्षा काळ (फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस) मोजून निघालेली काढणीची सर्वांत लवकरची तारीख लिहावी. ती तारीख खडूने शेडच्या दारावरही लिहावी, कारण व्यापारी दर वाढवून दारात उभा राहतो तेव्हा वही कोणी उघडत नाही.