जुनी विज्ञानकथा मालिका एचडीत घ्यावी का? आधी निगेटिव्हची चौकशी करा

जुन्या विज्ञानकथा मालिकेच्या एचडी संचासाठी खिशात हात घालण्याआधी दोन गोष्टी शोधून काढा: ती कशावर चित्रित झाली, आणि तिचं संकलन कशावर झालं. मालिका किती गाजली, किती लाडकी आहे, याचा इथे संबंध नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या निगेटिव्हमध्ये एचडीच्या १०८० रेषा भरून उरेल एवढा तपशील असतो, म्हणून साठ वर्षांपूर्वीची मालिकाही आज दिसते तशी तेव्हा कुणी घरी पाहिलेलीच नव्हती. व्हिडिओ टेपवर मात्र आपल्या आणि ब्रिटनच्या पाल पद्धतीत ५७६ दृश्य रेषा, अमेरिकेच्या एनटीएससीत सुमारे ४८०. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची ती 'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका (१९६६ ते १९६९), तसंच 'यूएफओ' आणि 'स्पेस: १९९९' या ३५ मिलिमीटरवर चित्रित होऊन फिल्मवरच पूर्ण झाल्या. यांचे एचडी संच खुशाल घ्या. एक लक्षात ठेवा: ज्या शॉटमध्ये एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं, अक्षरं उमटतात किंवा माणूस किरणांतून गायब होतो, तो शॉट प्रयोगशाळेत फिल्मवरून पुन्हा फिल्मवर छापलेला असतो. तिथे फिल्मचे दाणे (चित्रावर सतत हलणारा बारीक रवाळपणा) अचानक वाढतात आणि शॉट संपला की कमी होतात. डिस्क खराब आहे म्हणून परत पाठवू नका, मूळ तसंच आहे.

चित्रण फिल्मवर, संकलन टेपवर

खरी गोम इथे आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक अमेरिकी मालिका फिल्मवर चित्रित व्हायच्या, पण लगेच टेपवर उतरवून पुढचं सगळं काम (संकलन, स्पेशल इफेक्ट, शीर्षकं) टेपवर केलं जायचं. म्हणजे तयार भागाची निगेटिव्ह अस्तित्वातच नाही. गोदामात आहेत ते सुटे रोल.

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) एचडीत आणताना हे रोल शोधून पुन्हा स्कॅन केले, जुनं संकलन फ्रेमला फ्रेम जुळवून नव्याने बांधलं. यानांची मॉडेल फिल्मवर चित्रित होती, म्हणून त्यांचे थर एचडीत पुन्हा एकमेकांवर बसवता आले. जे किरण आणि चमक मूळ टेपवर रंगवलेली होती ती नव्याने करावी लागली. सातही सीझन २०१२ ते २०१४ या काळात ब्लू-रेवर आले. काही सेकंदांचे तुकडे सापडलेच नाहीत, ते टेपवरून ताणून घातलेत आणि डोळ्यांना खटकतात. एवढ्या खर्चानंतर विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, म्हणून 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिका 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' डीव्हीडीवरच अडकल्या. या दोन मालिकांची निगेटिव्ह एचडीच्या लायकीची आहे, पण नंतरच्या सीझनमधली संगणकावर काढलेली यानं साध्या टीव्हीच्या मापाने काढलेली असल्यामुळे ती सगळी नव्याने काढावी लागतील. तोवर कुणी 'डीप स्पेस नाइन एचडी' म्हणून पूर्ण मालिका विकत असेल तर ती डीव्हीडी संगणकाने ताणलेली आहे, एवढं ओळखा.

'बॅबिलॉन ५' (१९९३ ते १९९८) हा मधला मार्ग. माणसांचे शॉट रुंद चौकटीलाही पुरणाऱ्या सुपर ३५ फिल्मवर, अवकाशातली दृश्यं साध्या टीव्हीच्या मापाची. डीव्हीडीवर रुंद पडद्यासाठी ही अवकाशदृश्यं वरून-खालून कापून मोठी केली आणि त्यांचा चिखल झाला. २०२३च्या ब्लू-रेत शहाणपणा दिसतो: चौकट परत जुन्या टीव्हीची ४:३ ठेवली, माणसांचे शॉट फिल्मवरून स्कॅन केले, इफेक्टचे शॉट नीट ताणले. संवाद लखलखीत, लढाया मऊ, असं चालायचंच.

मुख्यतः व्हिडिओवरच्या मालिका

'डॉक्टर हू'चे जुने भाग स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेर १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित व्हायचे. दार उघडून पात्र अंगणात आलं की चित्राचा पोतच बदलतो, तो यामुळे. अपवाद १९७०च्या 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस'चा: बीबीसीत संप असल्याने ती सगळीच १६ मिलिमीटरवर झाली, आणि म्हणून तिची ब्लू-रे खऱ्या अर्थाने एचडी आहे. १६ मिलिमीटरच्या चौकटीचं क्षेत्रफळ ३५च्या साडेचार पट लहान, तरी एचडीपुरता तपशील तीत मिळतो.

'रेड ड्वार्फ'सारख्या व्हिडिओवरच्या मालिकांची ब्लू-रेही मिळते. ती घेण्यात अर्थ आहे का? स्वस्त असेल तर आहे. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट जागा मिळते, ब्लू-रेवर ४० पर्यंत. त्यामुळे धूर, पाणी, अंधारे कोपरे यांतले चौकोनी ठिपके जातात. चेहऱ्यावरची सुरकुती जी टेपवर नव्हती ती येणार नाही. याच मालिकेची १९९८ची 'रीमास्टर्ड' आवृत्ती मात्र टाळा: चित्र कापून रुंद केलं, फिल्मसारखं दिसावं म्हणून गती बिघडवली, मॉडेलच्या जागी तेव्हाची बाळबोध संगणकी यानं घातली.

आणखी एक फसगत. 'फिल्मवरून स्कॅन केलेलं' असं वेष्टनावर लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नका. १९६०च्या दशकातले 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग उरलेत ते टीव्हीच्या पडद्यावरून घेतलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या रूपात; मूळ टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. 'ट्वायलाइट झोन'मध्ये १९६०-६१च्या दुसऱ्या सीझनचे सहा भाग पैसे वाचवायला व्हिडिओवर केले होते, बाकी मालिका ३५ मिलिमीटरवर. एकाच ब्लू-रे संचात हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा, या लेखातलं निम्मं तिथेच कळेल.

स्वतः ओळखायचं कसं

वेष्टनावर विसंबू नका. जुनी डीव्हीडी किंवा नमुना क्लिप संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा. डिइंटरलेस (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं जुळवण्याची सोय) बंद करा (कीबोर्डवरचं 'डी' बटण), पात्र हात हलवतंय अशा जागी थांबा आणि 'ई' बटणाने एकेक फ्रेम पुढे न्या. पाल डीव्हीडीत प्रत्येक हलत्या फ्रेमला कंगव्यासारखे दाते दिसले तर चित्रण व्हिडिओवर: सेकंदाला ५० फील्ड म्हणजे अशी अर्धी चित्रं, प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. दाते अजिबात नसले तर बहुधा फिल्म. अमेरिकी एनटीएससी डीव्हीडीत तीन फ्रेम स्वच्छ आणि दोन दातेरी अशी आवर्तनं दिसली, तर २४ फ्रेमची फिल्म ओढूनताणून बसवलेली आहे. त्यानंतर मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून रिझोल्यूशन, फ्रेमचा वेग आणि स्कॅनचा प्रकार पाहा.

यानंतर चौकट मोजा. ४:३ चित्र रुंद पडद्याला भरायला कापलं की उंचीचा पाव भाग जातो, म्हणजे कपाळ किंवा हनुवटी. दोन्ही बाजूंना काळे पट्टे असलेली एचडी आवृत्तीच बरोबर. तिथे चित्र १४४० बाय १०८० असतं. 'एक्स-फाइल्स' रुंद पडद्यावर आली ती मात्र फिल्मच्या कडेला शिल्लक असलेलं चित्र वापरून, तो वेगळा प्रकार.

मग दाणे. फिल्मचे दाणे हा कचरा नव्हे, तपशील त्यातच असतो. स्वच्छ करण्याच्या नादात ते पुसले की चेहरे मेणाचे होतात. कापडाची वीण, केसांच्या कडा आणि स्थिर भिंतीवर दाण्यांची हलकी हालचाल या तीन जागा पाहा. संगणकाने 'हुशारीने' ताणलेल्या आवृत्तीत लांबवरच्या चेहऱ्यांचे डोळे आणि पडद्यावरची बारीक अक्षरं बघा. ती बनावट असतील तर अक्षरांचं अगम्य काहीतरी झालेलं दिसतं. नवे इफेक्ट घातलेत का, तेही तपासा. मूळ 'स्टार ट्रेक'च्या ब्लू-रेवर जुने आणि नवे इफेक्ट रिमोटने निवडता येतात. असा पर्याय सगळ्यांनी द्यायला हवा.

मागवताना रीजनकडे, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याकडे, लक्ष द्या. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५, ब्रिटन २, अमेरिका १. ब्लू-रेसाठी भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. फोर-के डिस्कला रीजन नसतो. पुष्कळ डिस्क कुठेही चालतात, पण विकत घेण्याआधी ते लिहिलेलं शोधा. कस्टम भरून आलेली डिस्क प्लेअरने नाकारली तर परत करण्यात पोस्टखर्च जातो.

ठाण्यातल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा ते टीव्ही अंतर साधारण दहा फूट. ५५ इंची टीव्हीवर एवढ्या अंतरावरून डीव्हीडी आणि एचडीतला फरक कळतो, एचडी आणि फोर-केतला नाही. एचडीचा पूर्ण तपशील हवा तर सात फुटांवर या. ठाण्याच्या गोखले रोडवर असो की वाशीच्या सेक्टर १७मध्ये, दुकानात टीव्ही भडक मोडवर असतो. घरी आल्यावर सिनेमा मोड लावा, शार्पनेस खाली आणा, आणि मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस अशा नावांनी दडलेली 'गुळगुळीत गती' बंद करा, नाहीतर फिल्मवरची मालिका स्टुडिओतल्या बातम्यांसारखी दिसते.

घरच्या कॅसेटचं काय?

१९८०च्या दशकाच्या अखेरची 'स्पेस सिटी सिग्मा', १९८९चं 'इंद्रधनुष' किंवा १९९८चा 'कॅप्टन व्योम' कुणी व्हीएचएसवर टिपून ठेवला असेल, तर त्या कॅसेटला एचडी करण्याचा विचार सोडा. व्हीएचएसला आडवा तपशील सुमारे २४० रेषांचाच. जे आहे ते न गमावता उतरवणं हेच काम.

सुरुवात व्हीसीआरपासून नको, कॅसेटपासून. खाडीकाठच्या हवेत, ठाणे असो की नेरूळ, टेपला बुरशी लागते. झाकण उघडून, खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड पाहा: पांढरी-करडी पावडर किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्या. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवू नका, टेप आक्रसते. चांगल्या कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत उभ्या ठेवा, आत आर्द्रतामापक टाका आणि काटा ५० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेलं यंत्र लगेच चालू करू नका; हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमवर दव धरतं आणि टेप चिकटते.

कॅसेटची मागची टिकली मोडा, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्ड होणार नाही. टेप एकदा शेवटपर्यंत आणि परत सुरुवातीला फिरवा. हेड साफ करायला शॅमॉयचं मऊ कातडं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटतं. कापसाची काडीही नको, धागे अडकतात. जुना व्हीसीआर किंवा त्याचा पट्टा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळू शकतो (ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड). मात्र दुकानातच स्वतःची एक बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहा. लाँग प्ले मोडवरची रेकॉर्डिंग शक्यतो ज्या यंत्रावर झाली त्यावरच चालवा. तिचे ट्रॅक अरुंद असतात.

व्हीसीआरमधून चित्र सरळ स्वस्त यूएसबी कॅप्चरमध्ये नेलं की उभ्या रेषा नागमोडी होतात, फ्रेम गळतात आणि आवाज हळूहळू मागे पडतो. कारण टेपची वेळ सतत थोडी थोडी चुकते. मध्ये ही वेळ दुरुस्त करणारं यंत्र, टाइम बेस करेक्टर, हवा. तो महाग वाटत असेल तर पॅनासॉनिकचा ईएस१० किंवा ईएस१५ डीव्हीडी रेकॉर्डर शोधा: डिस्क न टाकता चित्र नुसतं त्यातून आरपार नेलं तरी रेषा सरळ होतात. शक्य तिथे पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओ वापरा.

कॅप्चर ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस तसंच ठेवून, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या तपशील न गमावणाऱ्या कोडेकमध्ये. आवाज ४८ किलोहर्ट्झ, न दाबलेला पीसीएम. तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला १०५ जीबी मोकळे ठेवा. कॅप्चरच्या व्हर्च्युअलडब सॉफ्टवेअरमध्ये गळालेल्या फ्रेमचा आकडा डोळ्यासमोर असू द्या. तो वाढत असेल तर थांबा आणि आधी कारण काढा.

पाहण्यासाठीची प्रत वेगळी. क्यूटीजीएमसी किंवा एफएफएमपेगच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने डिइंटरलेस करून ५० फ्रेम ठेवा. २५ केल्या की हालचाल अर्धी जाते. चित्र मागे-पुढे झटके खात असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय, तो बदला. तळाशी आठ-दहा रेषांची फडफड हेड बदलतानाची असते, ती ताणून घालवू नका, काळ्या पट्टीने झाका. माप ७६८ बाय ५७६. शेवटी फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी उघडून ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहा. शेवटी आवाज मागे असेल तर फ्रेम गळल्यात, ती कॅसेट पुन्हा उतरवा.