पोलंडचे रणगाडे मोजायला बसले तेव्हा

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. महावीर उद्यानातला त्यांच्या आठवणीचा स्तंभ मी लहानपणापासून बघत आले. त्यामुळे शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला असताना मध्यम आकाराच्या एका देशाची लष्करी ताकद जोखायचा प्रकल्प हाती आला, तेव्हा देश निवडायला मला वेळ लागला नाही.

पहिल्या महिन्यात मी केलं ते नवीन येणारे बहुतेक जण करतात. इंटरनेटवरच्या क्रमवारीतून आणि बातम्यांतून सैनिक, विमानं, रणगाडे यांचे आकडे उचलले आणि तक्ता केला. के-२ या कोरियन रणगाड्यापुढे मी १००० लिहिलं होतं.

तो तक्ता मामानं बघितला. मामाचं आयुष्य शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेलं. त्यानं विचारलं, "बोलणी झाल्याली, पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाल्याली, का माल गेटातनं आत आल्याला? ह्यातलं कुठलं लिवलंयस गं?"

मी परत शोधायला बसले. जुलै २०२२ मध्ये १००० रणगाड्यांचा झाला होता तो फक्त इराद्याचा, चौकटीचा करार. ऑगस्टमध्ये पक्की ऑर्डर निघाली ती १८० ची. डिसेंबरात पोलंडच्या ग्दिनिया बंदरावर पहिल्या खेपेत उतरले १०. आणि पुढच्या १८० चा करार व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. अमेरिकी शस्त्रांचंही असंच असतं: तिथल्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, कळवलेली संभाव्य विक्री म्हणजे खरेदी नव्हे, पण बातमीचा मथळा तसाच येतो.

म्हणून तुम्ही तक्ता कराल तेव्हा पहिल्या दिवसापासून रकाने वेगळे ठेवा: घोषणा, करार, प्रत्यक्ष आलेलं. आणि चौथा रकाना विसरू नका, गेलेलं. पोलंडनं युक्रेनला दोनशेहून अधिक टी-७२ हे जुने सोव्हिएत धाटणीचे रणगाडे दिले. जुन्या यादीत ते अजून उभे दिसतात.

मग येतो देखभालीचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा अभ्यास इथेच आहे. पोलंडकडे आज के-२ आहेत, अमेरिकी एब्रम्स आहेत, जर्मन लेपर्ड-२ आहेत, शिवाय सोव्हिएत घराण्यातले जुने. एब्रम्सला टर्बाइन इंजिन, के-२ आणि लेपर्डला डिझेल. पाश्चात्त्य आणि कोरियन तोफा १२० मिलिमीटरच्या, जुन्या १२५ च्या. के-२ ला तिघांचा चमू पुरतो, एब्रम्सला चौघं लागतात. म्हणजे सुटे भाग वेगळे, दारूगोळा वेगळा, फिटरचं प्रशिक्षण वेगळं. एकूण बेरीज कितीही मोठी दिसली तरी त्यातले किती एका दिवशी सुरू होतील, हे ती बेरीज सांगत नाही. मामाला हे समजावून सांगावं लागलं नाही. चार कंपन्यांची यंत्रं एका शेडमध्ये सांभाळणं काय असतं ते त्यानं पाहिलंय.

पैशाबाबत एकच सांगते. नुसतं संरक्षण मंत्रालयाचं बजेट बघून थांबू नका. पोलंडनं २०२२ च्या कायद्यानं सैन्यासाठी वेगळा निधी उभारला. तो सरकारी बँकेमार्फत, मुख्यतः कर्जातून चालतो, अर्थसंकल्पाच्या बाहेर. २०२४ मध्ये तिथला संरक्षणखर्च जीडीपीच्या ४ टक्क्यांवर गेला, तो हा निधी धरून. त्यामुळे सिप्री (स्टॉकहोमची शांतता संशोधन संस्था) किंवा नाटोचा आकडा घेताना त्यांनी खर्चात काय काय धरलंय ते आधी वाचा, आणि दोघांचे आकडे एका आलेखात मिसळू नका. माझा एक आख्खा आलेख यामुळेच मला टाकून द्यावा लागला.

शेवटच्या तक्त्यात मी प्रत्येक आकड्याशेजारी महिना आणि साल लिहिलं. के-२ पुढचे १००० मी खोडले नाहीत. ते पहिल्या रकान्यात आहेत, शेजारी 'जुलै २०२२'.