व्हायमेंटिनचा बँड आणि फेकून दिलेला गाळ

सांगलीत एमएस्सीनंतर संशोधनाला लागलो तेव्हा सशाच्या पॉलिक्लोनल (रक्तद्रवातून मिळवलेल्या, मिश्र) अँटीबॉडीने पेशीकंकालातील व्हायमेंटिन हे प्रथिन दाखवणे हे माझे पहिले काम होते आणि त्यातच माझे जवळजवळ तीन महिने गेले. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याची पद्धत, तुम्हांला येते, असे धरून लिहितो.

सुमारे ५७ किलोडाल्टनपाशी (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) दाट बँड यायला हवा होता, पण फिल्मवर जेमतेम पुसट रेघ उमटत असे. मी दोष अँटीबॉडीला दिला. १:१००० चे प्रमाण १:२०० वर आणले, एक्स्पोजर वाढवले, तेव्हा भलत्याच जागी बँड उगवले आणि सगळी फिल्म काळवंडली. विक्रेत्याला मी तक्रारीचे खरमरीत पत्रही धाडले, ज्याची आजही लाज वाटते.

चूक त्याआधीच, बर्फाच्या डब्यात झाली होती. सीनियरच्या वहीप्रमाणे मी पेशी १ टक्का ट्रायटॉन या सौम्य डिटर्जंटच्या बफरमध्ये फोडत असे, सेंट्रिफ्यूज करून वरचे नितळ द्रव ठेवत असे आणि तळाचा गाळ टाकून देत असे. व्हायमेंटिनचे तंतू (इंटरमिजिएट फिलामेंट) मात्र ट्रायटॉनला दाद देत नाहीत. ते बहुतांशी त्या गाळातच राहतात. वही लिहिणाऱ्याचे काम ट्युब्युलिन या प्रथिनावर होते, ज्याच्या नलिका थंडीत आपसूक सुटून वरच्या द्रवात येतात, त्यामुळे त्याला ही अडचण कधी आलीच नाही. म्हणून सांगतो, प्रोटोकॉलचा मोबाइलवर फोटो काढून कामाला लागणारा विद्यार्थी मला आवडत नाही. ती वही कोणत्या प्रथिनासाठी लिहिली आहे, हे आधी विचारा. मॅडमनी मला एवढेच विचारले होते, "गाळ कुठे आहे?" त्या दिवशी तो उकळून शेजारच्या लेनमध्ये घातला आणि तिथे काळाकुट्ट बँड आला.

तेव्हापासून मी पेशी थेट २ टक्के एसडीएस या तीव्र डिटर्जंटच्या बफरमध्ये घेऊन ९५ अंशांवर पाच मिनिटे उकळतो. डीएनएमुळे नमुना गुळाच्या पाकासारखी तार धरतो, पण घाबरण्याचे कारण नाही. बारीक सुईतून दहा-बारा वेळा ओढला की पातळ होतो. प्रथिनाचे मोजमाप ब्रॅडफर्ड या रंगचाचणीने करू नका, कारण एसडीएस त्यात घोळ घालते. बीसीए ही दुसरी चाचणी चालते, मात्र डीटीटी (प्रथिनातील गंधकबंध तोडणारे रसायन) आणि जेलसाठीचा निळा रंग मोजमापानंतरच मिसळावा.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून पेशी मागवणार असाल तर हेलासोबत एमसीएफ-७ ही घ्या (दोन्ही प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी). हेलात व्हायमेंटिन असते, एमसीएफ-७ मध्ये जवळजवळ नसते, त्यामुळे तिथेही ५७ पाशी ठळक बँड आला तर अँटीबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे, असे समजावे. एचआरपी हे एन्झाइम जोडलेल्या दुय्यम (पहिलीला चिकटणाऱ्या) अँटीबॉडीत सोडियम अझाइड कदापि घालू नये, कारण ते त्या एन्झाइमलाच निकामी करते.

पॉलिक्लोनलचा नवा लॉट बहुधा दुसऱ्याच सशाच्या रक्तद्रवातून आलेला असतो, म्हणून जुन्या कुपीतले शेवटचे १० मायक्रोलिटर मी संपवत नाही. नवी कुपी आली की दोन्ही एकाच नमुन्यावर चालवून पाहतो, आणि त्या नमुन्यात गाळ असतोच.