ट्रिम लावलं तरी जागा जाईना

जावाच्या प्रोग्राममध्ये दोन नावं पडद्यावर हुबेहूब सारखी आणि तुलना करणारं इक्वल्स म्हणतंय फॉल्स, म्हणजे सारखी नाहीत. या भानगडीत माझी अख्खी दुपार गेली. टोकांच्या मोकळ्या जागा कापणारं ट्रिम लावून झालं होतं. शेवटी वैतागून लेंग्थ छापली, तर सात कॅरेक्टरच्या नावाची लांबी आठ! शेवटचं कॅरेक्टर इंटमध्ये, म्हणजे त्याच्या क्रमांकात, बदलून छापलं, तेव्हा चोर सापडला: १६०.

युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, साधी स्पेस ३२ क्रमांकाची. ट्रिमचा नियम जुना आणि बाळबोध: दोन्ही टोकांना ३२ किंवा त्याखालचं जे असेल ते कापायचं. १६० म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, जिथे ओळ तुटत नाही अशी जागा. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरातून ती बऱ्याचदा शिरते. जावा ११ मध्ये आलेल्या स्ट्रिपला युनिकोडच्या जागा कळतात, म्हणून मोठ्या आशेने तीही लावून पाहिली. पण स्ट्रिप विचारते कॅरेक्टर क्लासच्या इज-व्हाइटस्पेसला, आणि ती मेथड १६० ला मुद्दाम वगळते.

म्हणून आधी क्रमांक छापा, मग मेथड निवडा.

टोकांच्या साध्या जागांना स्ट्रिप पुरते. मधल्या सगळ्या ३२ च्या स्पेस उडवायच्या तर रिप्लेस. तिथे रेजेक्सची, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या खुणांची, गरजच नाही. १६० असेल तर रिप्लेसऑल. त्यात रेजेक्स चालतो, पण नुसता बॅकस्लॅश-एस ही मोकळ्या जागेची खूण चालत नाही, कारण मूळ सेटिंगमध्ये त्याला १६० दिसत नाही. बॅकस्लॅश-एच या आडव्या जागांच्या खुणेला दिसतो, पण त्याला नवी ओळ कळत नाही. मी दोन्ही चौकटी कंसात घालतो, पुढे प्लस लावतो, त्या जागी एकच स्पेस ठेवतो आणि मग स्ट्रिप करतो. जावाच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडातल्या मजकुरात, प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहायचा, हे मी अजूनही विसरतो.

उत्तर परत व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरू नका. स्ट्रिंग बदलत नाही, नवी मिळते. आणि हेच काम लाखो ओळींच्या लूपमध्ये असेल तर रेजेक्सचा पॅटर्न लूपबाहेर एकदाच कंपाइल करून ठेवा. रिप्लेसऑल बहुतेक वेळा दर फेरीला तो नव्याने बनवते.

८२०३ निघाला तर ती शून्य रुंदीची स्पेस. नावात स्पेस असली तरी वरच्या कुठल्याच उपायाला ती जुमानत नाही. तिचा युनिकोड क्रमांक देऊनच रिप्लेस करावी लागते. त्या भरात ८२०५ ला मात्र हात लावू नका. तो देवनागरीतला जोडक आहे, काढलात तर काही जोडाक्षरांचं रूपच बदलतं.